दुसरं नाक

मला दोन आत्या. थोरली आणि धाकटी. दोघींचं सख्य विळ्याभोपळ्याचं, आणि तरी जन्म काढला एकाच घरात. थोरली लग्न करून गेली, थोड्याच वर्षांत तिचा नवरा वारला, आणि ती एक ट्रंक घेऊन धाकटीच्या दोन खोल्यांत आली. "आठ दिवस राहते," म्हणाली होती. गेल्या वर्षी ती त्याच घरात वारली, तोपर्यंत ते आठ दिवस काही संपले नव्हते. धाकटीनं लग्न केलं नाही. का केलं नाहीस असं कुणी विचारलं की ती म्हणायची, घरात एक माणूस आहे तेच झेपत नाही.

मी लिहिणार आहे ते धाकटीबद्दल. थोरलीबद्दल लिहायला घेतलं असतं तर तिनं पहिल्याच ओळीला थांबवून आधी अक्षर सुधार म्हणून सांगितलं असतं. धाकटी कुणाला थांबवत नाही. तिच्याकडे मुळात कुणाचं लक्षच जात नाही. बसमध्ये उभी असली तर खांब समजून एखादा तिलाच धरेल, आणि तीही स्टॉप येईपर्यंत काही बोलणार नाही. मला या स्वभावाचा लहानपणापासून राग येतो. गरीब गाय म्हणून लोक कौतुक करतात, पण गायसुद्धा वेळेला शिंग उगारते.

ती एका छोट्या कारखान्यात कामाला आहे. एका जुन्या इमारतीचा मागचा मजला, स्टीलची पिंपं, वजनकाटे, सतत ओली असलेली फरशी, आणि डोक्याला जाळीच्या टोप्या घातलेली मोजकी माणसं. चेहऱ्यावर मारायचे फवारे, मेकअप पुसायचं पाणी, हातापायाला लावायचं लोशन, असलं सगळं तिथं बनतं. दुकानात काचेच्या कपाटात दिवा लावून ठेवलेली बाटली बघितली की मला त्या ओल्या फरशीची आठवण येते. धाकटीचं काम मिसळणीचं. त्यातही ती ज्यात हुशार समजली जाते ते काम म्हणजे सुगंधाचं तेल पाण्यात असं मिसळायचं, की पाणी पाण्यासारखंच दिसलं पाहिजे.

हे ज्या वस्तूनं होतं तिला कारखान्यात 'वीस नंबर' म्हणतात. खरं नाव पॉलिसॉर्बेट ट्वेंटी. बाटलीच्या मागं मुंगीच्या अक्षरात जी लांबलचक नावं असतात त्यात हे सापडतं. एकदा फोनवर काहीतरी वाचून मी घाबरले होते, की आपण तोंडाला रोज काय विष फासतो कुणास ठाऊक. सुट्टीत आत्यांकडे गेले तेव्हा माझी फवाऱ्याची बाटली धाकटीपुढं आदळली आणि त्या नावावर बोट ठेवलं. ती उठली. पाण्याचा पेला आणला आणि तिच्या पिशवीतल्या कुपीतून लिंबाच्या सुगंधाचं तेल थेंबभर त्यात टाकलं. तेल वर तरंगलं. चमच्यानं ढवळलं की फुटायचं, थांबलं की परत गोळा होऊन वर यायचं. मग तिनं दुसरा, कोरडा पेला घेतला. त्यात आधी तेलाचा थेंब, त्यावर वीस नंबरचे काही थेंब. ते पिवळसर आणि दाट असतं, पातळ मधासारखं. दोन्ही नीट कालवून घेतलं आणि मग त्यावर पाण्याची अगदी बारीक धार धरली. पेला भरला, पण पाणी जसंच्या तसं राहिलं. तेलाचा कुठं मागमूस नाही.

मी विचारलं, तेल गेलं कुठं? ती म्हणाली, कुठं जातंय, आहे त्यातच. वीस नंबरच्या प्रत्येक कणाला दोन टोकं असतात, एक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. तेलाचा बारीकसा ठिपका मध्ये घेऊन हे कण त्याच्याभोवती कडं करतात, आणि तो ठिपका इतका लहान असतो की डोळ्याला दिसतच नाही. लोशनमध्येही असंच काहीतरी घालतात, म्हणून ते बाटलीत फाटत नाही.

"म्हणजे दोन्हीकडून बोलणारा नातेवाईक," आतल्या खोलीतून थोरली म्हणाली. "आपल्याकडे काय कमी आहेत? उगाच विकत आणतात लोक."

विषाचं काय, हे मी तरीही विचारलंच. धाकटीनं सांगितलं की बाटलीत ते थोडंसंच असतं, बहुतेकांच्या कातडीला चालतं, एखाद्याला नाही चालत, त्यानं लावू नये. नाव लांब आहे म्हणून घाबरायचं कारण नाही. जास्त मात्र घालायचं नाही. जास्त झालं की चिकट लागतं, फेस धरतं, आणि सुगंधाला इतकं घट्ट धरून ठेवतं की वास दबतो. अति तिथं माती. म्हणून कारखान्यात सुगंधच थोडा जास्त घालतात आणि हिशेब जमवतात. माझी भीती गेली. त्या दिवशीचं धाकटीचं ते भाषण मी तिच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांब भाषण असावं.

कारखान्यातल्या दोन रीती इथंच सांगून टाकते. पहिली म्हणजे तयार पाण्याची बाटली वर्तमानपत्रापुढं धरायची. मागची बारीक अक्षरं वाचता आली तर माल पास. जरा जरी धुरकट दिसलं तरी नापास, मग वीस नंबर आणखी घाला. दुसरी रीत वासाची. ज्यानं मिसळलं त्याचं नाक त्या वासाला सरावून बधिर झालेलं असतं, त्याच्यावर भरवसा ठेवत नाहीत. ज्याचा त्या मिसळणीशी संबंध नाही अशा माणसाला कागदाची पट्टी द्यायची, काय आहे ते सांगायचं नाही, आणि त्यानं खरं बोलायचं. याला तिथं 'दुसरं नाक' म्हणतात. धाकटीच्या कामाला दुसरं नाक म्हणून पॅकिंगची बाई असते. दोघी वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहून काम करतात, पण त्या बाईच्या घरी कोण कोण आहे हे धाकटीला माहीत नाही. विचारलंच नाही कधी.

आता थोरलीच्या तेलाबद्दल. कोपऱ्यावर पूर्वी सुगंधी तेलांचं एक दुकान होतं. तो दुकानदार गिऱ्हाईक बघून तेल बनवायचा. थोरलीसाठी त्यानं जे काही बनवलं होतं त्याचा वास ओल्या लाकडावर फुलं वाळत घातल्यासारखा होता, आणि त्याखाली कुठंतरी कापूर. दोन्ही कानांमागं लावून थोरली खोलीतून गेली की ती गेल्यावरही खोलीत असायची. धाकटीचं डोकं दुखायचं. दिवसभर कारखान्यात वास, घरी आलं की हा वास. ती खिडकी उघडायची, थोरली बंद करायची. माझ्या सुट्ट्या मी ती खिडकी उघडण्याच्या आणि मिटण्याच्या आवाजात काढल्या. थोरली तोंडानं भांडायची, धाकटी मूग गिळून खिडकीनं भांडायची. मला विचाराल तर थोरलीचं भांडण बरं. निदान समोर तरी येतं.

दुकानदार वारला, दुकान गेलं, तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. थोरलीनं शेवटची बाटली पुरवून पुरवून वापरली. आणि एका सकाळी ती उठलीच नाही. झोपेतच गेली. भेटायला आलेल्या नातेवाइकांपैकी एकीनं माझ्यादेखत धाकटीला म्हटलं, सुटलीस बाई. लोकांच्या जिभेला हाड नसतं. धाकटीनं मान हलवली आणि तिला चहा दिला. तो चहा मी तिच्या हातातून काढून घेणार होते, पण नवऱ्यानं माझा दंड धरला.

त्यानंतर मी गेले ते क्वचितच. नोकरी, मुलं, अंतर. गेले तेव्हा जे दिसलं ते सांगते. टेबलाला दोन खुर्च्या, त्यातली एक भिंतीकडे तोंड करून. दूध उरतं म्हणून लहान पिशवी आणते, तीही नासते. शुक्रवारी संध्याकाळी कारखाना सुटला की सोमवारी सकाळपर्यंत ती कुणाशी एक शब्द बोललेली नसते. सोमवारी बसच्या कंडक्टरकडून तिकीट घेताना घसा खाकरावा लागतो, असं तिनं मला हसत हसत सांगितलं. मला हसू आलं नाही. आणि खिडकी बंद. मी उघडायला गेले तर ती पटकन म्हणाली, राहू दे, वास जातो.

तेव्हा मला कळलं की ही बाई घरात तो वास कोंडून बसली आहे. पण वास काही खिडकीनंच जातो असं नाही. आधी उशीतून गेला, मग साड्यांतून. शेवटी फक्त कपाटाच्या वरच्या कप्प्यात राहिला, आणि ती ते कपाट उघडेना, उघडलं की थोडा संपतो म्हणून. एकटेपणा म्हणजे काय ते मला त्या बंद कपाटासमोर कळलं. मी तिला घट्ट धरायला हवं होतं. पण आमच्या घरात कुणी कुणाला धरत नाही, म्हणून मी दुधाचं पातेलं घासलं.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिचा फोन म्हणजे नवलच. कपाट सरकवायचंय, रविवारी येतेस का, म्हणाली. मी म्हटलं, शेजारच्या कुणाला तरी बोलाव. तर म्हणाली, तूच ये. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात ती पहिल्यापासून कच्ची. मी बस पकडून गेले.

दुपारची वेळ. टेबल लखलखीत पुसलेलं. त्यावर पांढरा कागद, कागदावर फवाऱ्याची एक बाटली, आणि बाटलीच्या मागं वर्तमानपत्र उभं केलेलं. अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. कपाटाचा विषय तिनंही काढला नाही आणि मीही नाही. तिनं कागदाच्या पट्टीवर फवारा मारला, पट्टी माझ्या हातात दिली आणि कारखान्यातल्या रीतीप्रमाणे गप्प उभी राहिली.

मी वास घेतला. काही नाही. ओल्या कागदाचा वास. तिनं मग माझ्या मनगटावर फवारा मारला आणि वाळेपर्यंत थांब म्हणाली. वाळलं, तेव्हा साबणाच्या रिकाम्या डबीसारखं काहीतरी पुसट आलं. मी तिच्याकडे बघितलं. ती माझ्या नाकाकडे बघत होती. तिनं मला जिन्यात पाठवलं, तिथं स्वतःच्या कोपराच्या आतला वास घे म्हणाली, म्हणजे नाक ताजं होतं, मग परत ये.

जिन्याकडे जाताना माझं लक्ष मोरीकडे गेलं. धुतलेल्या चमच्यांच्या बाजूला थोरलीची बाटली पालथी घातलेली होती. रिकामी.

जिन्यात मी कोपरात नाक खुपसून उभी राहिले आणि मला सगळं एकदम कळलं. थोरलीच्या मागं उरलेले तेलाचे शेवटचे थेंब होते ते. तिनं त्याचा फवारा केला होता, जन्मभर करत आलेल्या कामासारखा. थोडं थोडं मारलं की वर्षानुवर्षं पुरेल. आणि आता तिला स्वतःच्या नाकाचा भरवसा नव्हता. पॅकिंगच्या बाईला विचारून उपयोग नव्हता, तिनं थोरलीला कधी बघितलंसुद्धा नव्हतं. थोरलीचा वास ओळखणारं जगात आता एकच नाक उरलं होतं, ते माझं, आणि आता खोटं बोलायचं की खरं हे मला ठरवायचं होतं. हो, येतोय, म्हटलं असतं तर ती रोज सकाळी रिकाम्या पाण्याचा फवारा मारून त्यात बहीण शोधत बसली असती. सोपं होतं ते. मी जिन्यातल्या जिन्यात दोनदा 'हो' म्हणून बघितलं.

आत जाऊन पुन्हा वास घेतला. नीट घेतला. डोळे मिटून घेतला.

"नाही गं आत्या," मी म्हटलं. "नाहीये ती यात."

ती खुर्चीवर बसली. माझ्या हातातली पट्टी घेऊन तिनं स्वतः हुंगून बघितली. मग म्हणाली, मलाही तेच वाटत होतं, पण म्हटलं माझं नाक बधिर झालं असेल. आणि मग तिनं जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत देते.

"मी वीस नंबर आधी अगदी कमीच घातलं होतं. मला काय माहीत नाही का, वास दबतो ते. पाणी ओतलं तर धुरकट झालं, तांदूळ धुतल्यासारखं. आणि वास असा सुटला, अगं, की मी मागं वळून बघितलं. वाटलं ताई अंघोळ करून बाहेर आली. सगळं घर भरलं. मी बाटली पेपरपुढं धरली. अक्षरं दिसेनात. मग आणखी थेंब घातले. मागून घातलं की जास्त लागतं. घालत गेले. पाणी स्वच्छ होत गेलं आणि वास कमी होत गेला. कळत होतं मला. पण हातच थांबेना. धुरकट माल मी जन्मात कधी पास केलेला नाही."

मी ऐकत होते तोवर ठीक होते. तिनं 'माल' म्हटलं आणि माझं डोकं फिरलं. राग माझ्या नाकावर असतो हे मी नाकारत नाही, पण त्या दिवशी जे बाहेर पडलं ते मी ठरवून बोलले नाही.

"मला आधी फोन करायला काय झालं होतं? तोंड शिवलंय का तुझं? कुणी सांगितला होता तुला हा उद्योग? कापसाचा बोळा बुडवून डबीत ठेवला असतास, झाकण लावलं असतंस, शेंबड्या पोरालाही जमलं असतं. पण नाही, तुला सगळं चकचकीत हवं. माणूस असो नसो, आधी फडकं फिरलं पाहिजे. काय करायची होती गं तुला ती अक्षरं वाचून? कोण येणार होतं तुझा माल पास करायला? सदा न कदा गप्प, गप्प, आणि मग हे असं काहीतरी करून ठेवायचं, की समोरच्यानं नुसतं कपाळाला हात लावावा."

एवढं बोलून मी थांबले. थांबले कारण मला स्वतःचीच भीती वाटली. सत्तरीला आलेल्या बाईला, जिची बहीण आता दुसऱ्यांदा गेली, आणि तीही तिच्याच हातून, तिला मी हे बोलत होते. माफी मागावी म्हणून मी तिच्याकडे बघितलं.

ती रडत होती, पण माझं बोलणं लागलं म्हणून नाही. डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि मान माझ्या बाजूला जराशी कललेली, लांबून येणारं काही ऐकताना कलते तशी.

"ताई अशीच बोलायची," ती म्हणाली. "थांबू नकोस. अजून बोल."

मी खोलीत सगळीकडे बघितलं आणि तिला पडद्यांवरून बोलायला सुरुवात केली.